पाटा वाढवला, ब्रेक कोण वाढवणार?

२०१९ च्या दसऱ्याला आमची पिकअप घरी आली. शोरूमपासून गावापर्यंतच्या वाटेत ती तीन ठिकाणी थांबली. आधी अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दारात, नारळ फोडायला. मग पेंटरकडे, केबिनच्या कपाळावर आईचं नाव आणि मागच्या फाळक्यावर वडलांचं नाव टाकायला. तिसरा थांबा पाटेवाल्या मिस्त्रीचा, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या बसवणाऱ्याचा. तोवर गाडीनं एक पोतंही उचललेलं नव्हतं, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं आणि दादाला विचारलं, "किती टाकायचे मालक? दोन का तीन?"

पाटे वाढवायचे का, हे त्यानं विचारलं नाही आणि आमच्याही मनात आलं नाही. आमच्या भागात पिकअप घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात येत नाही. नवी म्हैस आणली की दावं घ्यायचं आणि नवी पिकअप आणली की पाटे टाकायचे, इतकं ते अंगवळणी पडलंय.

मिस्त्रीचं काम मी शेजारी उकिडवा बसून बघितलं. मागच्या धुऱ्यावर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची चळत असते, वर लांब, खाली आखूड. मधोमध सेंटर बोल्ट, दोन्ही अंगांना यू-बोल्ट. त्यानं चेसीखाली जॅक लावला, यू-बोल्ट सोडले, सेंटर बोल्ट छिन्नीनं तोडला, कुठल्याशा जुन्या गाडीचे उतरवलेले पाटे कापून चळतीत सरकवले, लांब बोल्ट घातले आणि पान्याला चार फुटांचा पाइप लावून अंगाचा सगळा भार टाकत आवळले. दोन तासांत काम झालं. गाडी मागून चार बोटं उचलली गेली. दादा लांब जाऊन उभा राहिला, डोळे भरून बघितलं आणि म्हणाला, "आता दिसतीय पिकअप."

मलाही ती तशीच आवडली होती. म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

पाट्यानं एकच गोष्ट होते, गाडी मागून खाली बसत नाही. डोळ्यांना वाटतं की गाडीची ताकद वाढली. पण ब्रेक तेवढेच राहतात, टायर तेवढेच, बेअरिंग आणि धुरा तेवढाच, चेसीही तीच. उलट ब्रेक होते त्यापेक्षा कमी होतात, आणि हे पिकअप चालवणाऱ्या फार थोड्या लोकांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अनेक पिकअपांना मागच्या धुऱ्याच्या वर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. कागदावर त्याचं नाव एल.एस.पी.व्ही., गॅरेजात नुसता 'लोडचा व्हॉल्व्ह'. तो चेसीला बसवलेला असतो आणि एका दांडीनं धुऱ्याशी जोडलेला असतो. माल भरला की मागची बाजू खाली येते, चेसी आणि धुरा यांच्यातलं अंतर घटतं, दांडी हलते आणि व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरलेली आहे. मग तो मागच्या चाकांना ब्रेकचा जोर जास्त सोडतो. रिकाम्या गाडीत तो जोर आवरून धरतो, कारण रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम झाली तर गाडी आडवी फिरते. पाटे वाढवले की तीस क्विंटल भरूनही मागची बाजू हवी तेवढी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी अर्धी रिकामी आहे. ज्या खेपेला मागच्या ब्रेकची गरज सगळ्यात जास्त, त्याच खेपेला त्यांना अर्धा जोर मिळतो आणि उरलेला सगळा ताण पुढच्या डिस्कवर पडतो. कुठे कुठे मग ती दांडी तारेनं एकाच जागी बांधून टाकतात. भरलेल्या गाडीला त्यानं बरं वाटतं, पण परतीच्या रिकाम्या खेपेत पावसाची एक सर आली की तीच गाडी रस्त्यात गोल फिरते.

आम्हाला हे धारूरच्या घाटानं शिकवलं. २०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. साठ-साठ किलोचे पन्नास कट्टे सोयाबीन भरून आम्ही माजलगावच्या मोंढ्याला निघालो होतो. बालाघाटाच्या डोंगरावरून तेलगावकडे उतरणारा हा घाट अरुंद आणि वळणांचा आहे. तिथे समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तर एकानं थांबावंच लागतं. दादा तिसऱ्या गिअरवर, पाय ब्रेकवर ठेवून उतरत होता. दुसऱ्या वळणाला लायनर जळाल्याचा वास आला. तिसऱ्या वळणाला दादा नुसता "गेला" म्हणाला. पाय थेट फळीला टेकला होता. त्यानं खटकन दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक एकेक दात ओढत त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घुसवली. उजव्या हाताला दरी होती. आम्ही खाली उतरलो तेव्हा पुढच्या चाकाची धग दोन हातांवरून लागत होती. तासभर दोघंही काही बोललो नाही.

नंतर कळलं ते असं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ते वेळेवर बदललं नाही की त्याचा उकळबिंदू खाली येतो. डिस्क तापली की ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते, पाय दाबला की वाफच दबते आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. आमचं ऑइल गाडी घेतल्यापासून बदललेलं नव्हतं. म्हणजे आम्ही पाट्यांवर पैसे घातले, ताडपत्रीच्या जाळीवर घातले, हॉर्नवर आणि टेपवर घातले, आणि काही शे रुपयांचं ऑइल राहून गेलं. पिकअपच्या देखभालीत आपल्याकडे जे दिसतं त्याला पैसा मिळतो. जे झाकलेलं असतं ते तुटेपर्यंत कुणी बघत नाही.

चूक आमची होती आणि ती मी झाकत नाही. पण एवढ्यावर हा विषय संपवला तर पुन्हा दोष एकट्या ड्रायव्हरवर येतो, आणि ते मला मान्य नाही. त्या रात्री मी दादाला विचारलं, एवढं भरलंस कशाला? तो म्हणाला, "भाडं खेपेचं ठरलं व्हतं."

सगळी मेख इथे आहे. आमच्याकडे पिकअपचं भाडं क्विंटलवर ठरत नाही, खेपेवर ठरतं. गावापासून मोंढ्यापर्यंत एक आकडा, मग त्यात पंधरा क्विंटल भरा नाहीतर तीस. ज्याचा माल आहे तो साहजिकच म्हणणार, एकाच खेपेत बसवा. गाडीवाला नाही म्हणाला तर अड्ड्यावर आणखी आठ गाड्या उभ्या असतात आणि त्यातली एखादी तीन पाट्यांची असते. महिन्याच्या पाच तारखेला सगळ्यांचाच हप्ता असतो. अशा बाजारात ज्याच्या गाडीला जास्त पाटे, त्याला भाडं आधी. मिस्त्रीनं "दोन का तीन" विचारलं ते या बाजाराच्या वतीनं विचारलं होतं.

आता त्या पन्नास कट्ट्यांच्या पावतीकडे या. आमची गाडी सतरा क्विंटल पास आहे. भुईकाट्याच्या पावतीवर गाडीचा नंबर आहे, तारीख आहे, वेळ आहे, भरलेलं वजन ४,८४० किलो, रिकामं १,८२०, निव्वळ ३,०२०. म्हणजे क्षमतेपेक्षा १,३२० किलो जास्त आणल्याचा पुरावा आमच्याच हातात छापून दिलेला आहे. त्या पावतीवर हमाली कापली जाते, तोलाई कापली जाते, आडत्याची पट्टी बनते. सगळे ती वाचतात. गाडी किती पास आहे, एवढंच कुणी वाचत नाही. मग तोच माल घेऊन दुसरी गाडी महामार्गावर जाते, तिथे आरटीओचं पथक तिला हात करतं आणि गुन्हेगार सापडतो तो एकच, स्टिअरिंगवर बसलेला.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ बघा. २०१९ च्या दुरुस्तीनं जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वर दर जादा टनाला २ हजार असं ठरवलं. आमच्या त्या खेपेचा हिशोब २२ हजारांच्या वर जातो, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च. पण त्याच कलमाची सुरुवात नीट वाचली तर तिथे गाडी चालवणारा एकटा नाही. जो चालवतो तो, आणि जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो तो, असे सगळे त्यात आहेत. माल भरून देणारा, एकाच खेपेचा आग्रह धरणारा व्यापारी त्या शब्दांत बसू शकतो. कायद्यानं दार उघडं ठेवलंय. त्या दारानं मालवाल्याला आत नेलेलं मी तरी आमच्या भागात बघितलेलं नाही.

गाडीत फेरफार करण्याविषयीही कायदा गप्प नाही. कलम ५२ सांगतं की कंपनीनं जसं बनवलं आणि नोंदणीत जसं लिहिलं, त्याविरुद्ध मालकानं बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयानं राज्यांना लिहून पुढच्या लोखंडी गार्डवर याच कलमाखाली कारवाई करायला सांगितलं. छत्रपती संभाजीनगरात मोठ्या डबल केबिन पिकअपांना उंच टायर आणि जाड गार्ड लावून फिरणारी हौशी मंडळी आहेत. त्यांच्याविषयी मला एवढंच म्हणायचंय की गार्ड धक्का स्वतः सोसत नाही, तो थेट चेसीला पोचवतो आणि समोरच्या माणसाच्या मांडीत घुसवतो. पण त्यांची हौस त्यांच्या खिशातली आहे. आमच्या मोंढ्याच्या पिकअपचे पाटे हौसेचे नाहीत, म्हणून त्यांना दुसरं औषध लागेल.

दुष्काळात हा प्रश्न आणखी अवघड होतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा गल्लोगल्ली पाणी पोचवायला पिकअपच धावत होत्या. हौद्यात प्लास्टिकची टाकी, मागं पाइप, भोवती घागरींची रांग. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन हजार लिटरची टाकी भरली की टाकी आणि माणूस न धरताच सतरा क्विंटलच्या गाडीवर तीन क्विंटल जास्त झाले. शिवाय टाकी अर्धी झाली की पाणी आत हिंदकळतं आणि ब्रेक दाबल्यावर सगळं पुढं येऊन आपटतं. तहानलेल्या गल्लीच्या तोंडाशी अशी गाडी अडवा असं मी म्हणणार नाही. पण टाक्या पुरवणाऱ्यानं पहिल्या दिवशीच दीड हजार लिटरची टाकी दिली तर कुणाची तहान अडत नाही, एक खेप वाढते. ती खेप कुणाच्या पैशानं, हे ठरवणं सरकारचं काम आहे.

माणसं भरण्याचंही असंच. वऱ्हाड, यात्रा, मजूर, सगळं हौद्यातून जातं. १९९४ च्या दुरुस्तीपासून मालासोबत बसलेल्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला विम्याचं संरक्षण आहे. फुकट बसलेल्या वऱ्हाड्याला मालगाडीत ते नाही, आणि अपघातानंतर घरच्यांना हे कोर्टात कळतं.

कुणी म्हणेल, ड्रायव्हरांना शिकवा. शिकवायला हवंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालगाडी चालवू शकतो. आमच्यासारख्या हजारो घरांना त्यानं दिलासा मिळाला आणि मी त्या निकालाच्या बाजूनं आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की कारवर परीक्षा दिलेला वीस वर्षांचा पोरगा उद्या तीस क्विंटल घेऊन घाट उतरणार. ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं, हे त्याला परवाना देताना कुणी सांगत नाही. अमेरिकेत पिकअप ही घरोघरची गाडी आहे. तिथे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्या गाडीत माणसं आणि माल मिळून किती वजन चालेल त्याचं. आपल्याकडे ते काम पेंटर करतो. हौद्याच्या बाजूला यू.एल.डब्ल्यू. आणि आर.एल.डब्ल्यू. असे दोन आकडे असतात, रिकामं वजन आणि भरलेलं वजन. अड्ड्यावर मी एकदा विचारत फिरलो, तुझी गाडी किती पास आहे? बहुतेकांनी ते रोज भरतात तो आकडा सांगितला.

पासिंगवर, म्हणजे गाडीच्या ठरावीक तपासणीवर, माझा भरवसा आहे, पण तिथेही एक फट आहे. मालगाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी पासिंग करावं लागतं. गाडी तिथे रिकामी नेतात. रिकाम्या गाडीचे ब्रेक पाटे वाढवूनही ठीक लागतात. पाटे किती आहेत ते मोजणं आणि त्या व्हॉल्व्हची दांडी जागेवर आहे का ते बघणं, याला पाच मिनिटं पुरतात. तेवढं सक्तीनं व्हावं.

सगळ्यात खरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि मी स्वतः शेतकरी आहे. सतराच क्विंटल न्यायचे तर तीस क्विंटलला दोन खेपा पडतील, भाव आधीच पडलेला, वर भाडं दुप्पट. हे खरं आहे, आणि भाडं वाढणारच नाही असं सांगणारा माणूस फसवतोय. पण भाडं क्विंटलवर आलं तर दुसऱ्या खेपेत तेराच क्विंटल असले तरी तेराचेच पैसे द्यावे लागतात, आणि उरलेल्या चार क्विंटलच्या जागेत शेजाऱ्याचे सहा कट्टे बसतात. आज जो जादा माल 'फुकट' जातो असं वाटतं, त्याची किंमत गाडीवाला टायर, लायनर, क्लचप्लेट आणि बेअरिंगमध्ये भरतो आणि पुढच्या हंगामात भाड्यात घालतोच. आमचा टायरचा पहिला जोड दीड वर्षात संपला. पाटे उतरवल्यानंतरचा जोड तिसऱ्या वर्षात आहे. गाडी तीच, रस्ते तेच.

पाटे आम्ही घाटाच्या त्या रात्रीनंतर महिन्याभरात उतरवले. मिस्त्री तोच. उतरवायला आलेलं त्यानं फारसं कुणी बघितलं नव्हतं, त्यानं दोनदा विचारून घेतलं. ते पाटे गावच्या लोहारानं नेले. पाट्याच्या पोलादाचा कोयता धार चांगली धरतो. आता ते कुठल्यातरी उसाच्या फडात असतील. सुरुवातीचे चार महिने दादानं भाडी गमावली, घरात त्यावरून वाद झाले, वहिनीनं सोनं ठेवून एक हप्ता भरला. एकट्या गाडीवाल्यानं कायदा पाळला की असं होतं. म्हणून हा प्रश्न एकेकट्याच्या शहाणपणावर सोडता येत नाही.

मला हवंय ते फार मोठं नाही. भुईकाट्याच्या पावतीवर गाडी नंबरच्या खाली एक रकाना वाढवा: पास वजन. नोंदणीतला आकडा नंबर टाकला की काढता येतो. निव्वळ वजन त्याच्या वर गेलं तर पावती दोन नावांनी निघावी, एक गाडीवाल्याचं आणि एक माल भरून देणाऱ्याचं. पहिल्या हंगामात नुसती नोंद, दुसऱ्या हंगामापासून कलम १९४ दोघांनाही. आणि मोंढ्याच्या दारात, सोयाबीन-तुरीच्या भावाच्या फलकाशेजारी, भाड्याचा क्विंटलचा दर लावा. लातूरच्या मोंढ्यातला भाव सकाळी सगळ्या मराठवाड्याला कळतो, मग भाड्याचा दर कळायला काय हरकत आहे?

गेल्या महिन्यात दादानं आणि मी आमच्या बाजार समितीत तसा अर्ज नेला. बाबूंनी तो चाळून विचारलं, "हे कुठल्या नियमाखाली?" आम्ही कायद्याची प्रत पुढं केली. मग त्यांनी पुरावा मागितला. तोही सोबत होता, २०२१ च्या हंगामातल्या आमच्याच अकरा पावत्या, त्यातल्या नऊ जादा वजनाच्या. सही करताना दादा थांबला आणि अर्जाच्या तळाशी हातानं एक ओळ लिहिली: यावर दंड करायचा असेल तर सुरुवात आमच्यापासून करावी, पण माल ज्यांचा होता त्यांची नावंही पावतीवर आहेत.